घड्याळबाईंचा अंगठा

त्या तलावावर तीन गोष्टी ठरलेल्या होत्या. पाणी डोळ्यांना झोंबणार, सर ओरडणार आणि घड्याळबाईंचा अंगठा चुकणार नाही. पाण्यात टाकायची पावडर कधीमधी संपायची, सरांचा घसा थंडीत बसायचा, पण बाईंचा अंगठा चाळीस वर्षांत एकदाही चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. निदान लोक तसं म्हणायचे, आणि बाई ते खोडून काढत नसत. एवढी एकच गोष्ट त्यांच्या नावावर होती, ती कोण खोडेल?

सकाळी बाई तलावाच्या दाराशी काचेच्या खिडकीत बसून पास तपासायच्या. दुपारी ओल्या फरशीवर कुणी धावलं की खेकसायच्या. संध्याकाळी मात्र त्या पहिल्या लेनच्या टोकाला, पोहणारे उडी मारतात त्या ओट्याशेजारी, आपल्या खुर्चीत येऊन बसायच्या. गळ्यात घड्याळ, मांडीवर खाकी कव्हर घातलेली वही, वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. पोरंटोरं त्यांना तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागं ‘घड्याळबाई’ म्हणायची. लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहायच्या, भाचरांची आत्या म्हणून दिवस ढकलायच्या. घरात त्यांच्या शब्दाला फारसं वजन नव्हतं. तलावावर त्यांच्या दशांशालासुद्धा वजन होतं.

खुर्ची त्यांना कशी मिळाली, तेही सांगायला हवं. चौदा वर्षांच्या असताना बाई स्वतः संघात पोहायच्या. बऱ्या पोहायच्या, पण बऱ्यानं भागत नाही. तेव्हाच्या जुन्या सरांची एक रीत होती. हंगामाच्या शेवटच्या दिवशी एकेकाला ओट्यावर उभं करायचं, वर्षभराचे त्याचे वेळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे आणि मग संघाची लाल टोपी ठेव किंवा परत दे, असं सांगायचं. बाईंची टोपी परत घेतली गेली. वर जुने सर म्हणाले, “ज्याला वेळ कमी करता येत नाही त्यानं वेळ मोजावा,” आणि त्यांच्या हातात घड्याळ ठेवलं. पोरं खो खो हसली. हसणाऱ्यांत बारा वर्षांचा एक काटकुळा मुलगाही होता. तोच पुढं सर झाला, आणि रीत त्यानं मोडली नाही, उलट तिला धार लावली.

सरांचं म्हणणं असं, की गोड बोलून कुणी पाणी कापत नाही. “रडायचं असेल तर पाण्यात उतरून रडा,” ते म्हणायचे, “तेवढीच तलावाची पातळी वाढेल.” दर शनिवारी चाचणी. सगळे एकत्र नाही, एकेक जण, बाकीच्यांनी काठावर बसून बघायचं. चार लांब्या, शंभर मीटर. बाई घड्याळ दाबणार, आकडा वाचणार, वहीत लिहिणार. लागोपाठ तीन शनिवार ज्याचा वेळ उतरला नाही, त्याची रवानगी भिंतीकडच्या लेनमध्ये. तिथं सहा-सात वर्षांची पिल्लं फळीला लोंबकळून पाय मारायची. तेरा-चौदाची मुलगी त्यांच्यात उभी राहिली की पाणी तिच्या कमरेशी यायचं आणि सगळा तलाव तिच्याकडं बघायचा. बहुतेक मुलं आठवड्याभरात यायची बंद व्हायची. सर त्याला गाळणं म्हणायचे.

त्या वर्षी गाळण्यात अडकली होती ती बेडकी. बाजारातल्या शिंप्याची मुलगी, तेरा वर्षांची, बुटकी, जाड पोटऱ्यांची. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, म्हणजे छातीवर पोहायच्या प्रकारात, तिचे पाय असे काही फाकायचे आणि मिटायचे, की पहिल्याच दिवशी तिचं बारसं होऊन गेलं. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. बेडकी म्हटलं की ती हसून “ड्रांव” करायची. वडिलांनी दुकानाच्या शटरवर आतल्या बाजूनं कापडावरच्या खडूनं तिचे शनिवारचे आकडे लिहायला घेतले होते. कापड शिवायला आलेल्या बायकांना तो आधी शटर दाखवायचा आणि मग माप घ्यायचा.

एक बत्तीस चार. म्हणजे एक मिनिट, बत्तीस सेकंद, चार दशांश. तिथं बेडकी रुतली. पहिला शनिवार तोच आकडा, दुसरा शनिवार तोच. तिसऱ्या शनिवारी ती ओट्यावर चढली. सरांनी भिंतीकडच्या लेनमधून एक फळी आधीच आणून ठेवली होती, तिला दिसेल अशी. बाईंनी ती फळी बघितली. चाळीस वर्षांपूर्वीचं हसणं त्यांच्या कानात वाजलं की नाही कोण जाणे, पण शिट्टी झाली, बेडकीनं सूर मारला, आणि बाईंचा अंगठा जागचा हलला नाही. हलला तो जरा उशिरा. किती उशिरा, ते विचाराल तर बाई सांगतील: सहा दशांश. अंगठाच तसा होता, चुकायचा तोही मोजून.

“एक बत्तीस एक,” बाईंनी वाचलं.

बेडकीनं पाण्यावर दोन्ही हात आपटले. सर “हं” म्हणाले आणि फळी पायानं बाजूला सरकवली.

खरा वेळ एक बत्तीस सात होता. बाईंनी तो वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, बारीक अक्षरात टिपून ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोटेपणाचीही नोंद ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं, असंच म्हणायचं.

एकदा पाय घसरला की उतारच पुढं नेतो. आता बेडकीला पुन्हा तीन शनिवारांच्या आत एक बत्तीस एकच्या खाली यायचं होतं, म्हणजे बाईंना पुन्हा उशीर करणं आलं. मग पुन्हा. बाई मनाशी म्हणायच्या, मी खोटं कुठं लिहिते? घड्याळात येतं तेच लिहिते. हे अगदी खरं होतं आणि अगदी लबाडीचं होतं.

पण गंमत अशी झाली, की बेडकी खरोखरच उतरायला लागली. आकडा कमी होतोय म्हटल्यावर पोरगी पहाटे सगळ्यांच्या आधी दारात उभी राहू लागली. गार पाण्यात पहिली उडी तिची. शाळेत बाकाखाली पाय मारायची म्हणून वर्गाबाहेर काढली गेली. पुठ्ठ्यावरची वाढत जाणारी रांग बोलत होती: बत्तीस सात, बत्तीस दोन, एकतीस पाच, तीस आठ. हंगामाअखेर एकोणतीस सहा. तीन सेकंद! त्या वर्षी संघात एवढं कुणीच उतरलं नव्हतं. वहीत मात्र त्याच दिवशी लिहिलं होतं एक सत्तावीस तीन. खरं यश पुठ्ठ्याच्या आत दडलं होतं आणि कौतुक होत होतं ते खोट्याचं.

सरांना तर आयतं कोलीत मिळालं. “बघा बेडकीकडं,” ते बाकीच्यांना म्हणायचे. “तुमच्यापेक्षा वीतभर बुटकी. तुमचे आईबाप तुम्हाला काय चारा घालतात काय?” आणि मग वर्षअखेरच्या मोठ्या स्पर्धेची निवड आली. प्रत्येक प्रकारात संघातून एकच जण. आजवर या प्रकारात लंबू जायची. उंच, हाडकुळी, कमी बोलणारी मुलगी. तिचा वेळ एक अठ्ठावीस पाच, अस्सल, दशांशाचीही भेसळ नसलेला. सरांनी वही बघितली आणि लंबूच्या नावावर काट मारून बेडकीचं लिहिलं.

लंबूची आई दुसऱ्या दिवशी पासाच्या खिडकीशी आली. भांडायला आली असावी, कारण पदर खोचलेला होता. “बाई, माझी मुलगी काल रात्री जेवली नाही,” ती म्हणाली. “दुसरं कुणी घड्याळ लावलं असतं ना, तर मी इथं तमाशा केला असता. पण तुम्ही लावलंय. तुमच्या घड्याळावर संशय घेतला तर देव मला माफ करणार नाही.”

बाईंनी तिचा पास उलटसुलट करून बघितला. “पुढच्या महिन्यात संपतोय,” त्या म्हणाल्या. “वेळेवर बदलून घ्या.”

त्या वेळी सांगता आलं असतं. अजून दोन आठवडे हातात होते. पण बाईंनी स्वतःची समजूत काढली, की मुली स्पर्धेत दोन सेकंद उतरतातच. गर्दी असते, ईर्षा असते, रक्त गरम असतं. आपल्या अंगठ्याची अब्रू त्यांनी एका तेरा वर्षांच्या पोरीच्या पोटऱ्यांवर टांगली आणि खुशाल झोपल्या.

स्पर्धेचा तलाव लांबीला आपल्याएवढाच, पण नवा. तिथं अंगठ्याचं काम नव्हतं. पाण्यात प्रत्येक लेनच्या भिंतीला पिवळ्या पाट्या लावल्या होत्या. हात पाटीला लागला की वेळ आपोआप वरच्या फलकावर. बाई बाकड्यावर बसल्या होत्या, पण सवयीनं घड्याळ हातात होतं. शिट्टीऐवजी भोंगा झाला आणि अंगठा या वेळी बरोबर भोंग्यावर पडला.

बेडकी पोहली, आणि काय पोहली! तिसऱ्या लांबीला सगळ्यांचे हात जड होतात, तिथं तिनं मान खाली घातली आणि पाण्याला जणू लाथा घातल्या. शेवटचा हात तिनं दोन्ही तळव्यांनी पाटीवर मारला. फलकावर आकडा लागला: एक एकोणतीस एक. बाईंच्या घड्याळातही तोच. आठ जणींत सातवी. तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला वेळ. जगात हे कळणारी एकच बाई होती, आणि ती बाकड्यावर बसून ओठ चावत होती.

बेडकीनं फलकाकडं बघितलं, गॉगल वर केला, पुन्हा बघितलं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात ती टॉवेल गुंडाळून आली तेव्हा दात वाजत होते. “बाई, पाटी बिघडली असेल ना?” तिनं विचारलं. “मी याहून जोरात कधीच पोहले नाही. खरंच सांगते. माझा हात नीट लागला नसेल का?”

सर मागंच उभे होते. त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. “बाई, तुम्ही लावलं होतं ना घड्याळ?” ते म्हणाले. “तुमचा अंगठा काय म्हणतो ते सांगा. मी मशिनला मानत नाही.”

एक वाक्य पुरलं असतं. सर, हा तिचा सर्वात चांगला वेळ आहे, शनिवारचे आकडे मी उतरवले होते. बस, एवढंच. बाईंनी तोंड उघडलं. समोर सर, त्यांच्यामागं लंबू आपली कोरडी टोपी हातात धरून, तिच्याशेजारी तिची आई. बाईंनी मूठ उघडून घड्याळ दाखवलं.

“पाटी बरोबर आहे. एक एकोणतीस एक.”

“म्हणजे पोरगीच गळपटली,” सर म्हणाले.

बेडकी बाईंकडंच बघत होती. तिला अजून आशा होती, की बाई काहीतरी म्हणतील. आणि बाई म्हणाल्याही.

“घाबरली असेल,” बाई म्हणाल्या.

त्या दोन शब्दांचा बेडकीला विसर पडणार नव्हता. सर ओरडले असते तर पोरीनं ते झटकून टाकलं असतं. सरांचं ओरडणं म्हणजे रोजचं पाणी. पण बाईंनी सांगितलं, म्हणजे ते खरंच असणार. आपण भित्र्या आहोत हे बेडकीला त्या बोळात कळलं, आणि ज्या गोष्टीचा तिला आजवर पत्ता नव्हता ती तिनं निमूटपणे कबूल केली.

संध्याकाळी जेवताना वहिनीनं विचारलं, “वन्सं, तुमच्या त्या बेडकीचं काय झालं?”

“मागं पडली.”

“अगंबाई. गुणी होती हो पोर.”

“आक्काच्या घड्याळापुढं गुणाचं काय चालतंय?” भाऊ भात कालवत हसला. बाईंनी त्याला आमटी वाढली.

सोमवारी शिंपी खिडकीशी आला. हातात टोपी होती, लाल, धुऊन इस्त्री केलेली. “पोरगी म्हणते पोहणं सोडते,” तो म्हणाला. “मला यातलं काही कळत नाही, बाई. मला कापडातलं कळतं. पण तुम्ही इतकी वर्षं बघताय. खरं सांगा, तिच्यात आहे का काही? असेल तर मी हाताला धरून आणतो तिला. तुम्ही म्हणाल तसं.”

वही खणात होती, त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. पुठ्ठा उलटून दाखवला असता तर शिंप्याला सगळी बेरीज कळली असती. कापड मोजणाऱ्या माणसाला आकडे समजावून द्यावे लागत नाहीत.

“काहींच्यात असतं,” बाई म्हणाल्या, “काहींच्यात नसतं.”

शिंप्यानं टोपीची घडी करून खिशात घातली. मग “तुम्ही म्हणता म्हणजे…” असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. त्यानं त्या दिवशी शटर ओल्या फडक्यानं पुसलं असं मागाहून कळलं. बाईंनीही तेच केलं. खिडकीवर ‘बंद आहे’ची पाटी लावली, खण उघडला आणि पुठ्ठ्यावरची पेन्सिलीची रांग खोडरबरानं वरपासून खालपर्यंत घासून काढली. बत्तीस सात गेलं, तीस आठ गेलं, एकोणतीस सहा गेलं. रबराचा भुगा त्यांनी फुंकून टाकला. भित्री कोण होती, याचा पुरावा आता कुठंच उरला नाही.

हंगामाचा शेवटचा दिवस आला. बेडकी आली होती. टोपी परत द्यायला यावंच लागतं, नाहीतर सर घरी माणूस पाठवतात. ती ओट्यावर चढली आणि सरांनी बाईंच्या वहीतून तिचे सतरा शनिवार वाचले, एकेक आकडा चघळत, खाली खाली, सत्तावीस तीनपर्यंत. मग थांबून स्पर्धेचा आकडा वाचला.

“घरच्या तलावात वाघीण,” सर म्हणाले, “आणि बाहेर शेळी. बेडकी कितीही फुगली तरी तिचा बैल होत नाही. लंबूची जागा हिनं खाल्ली, हे विसरू नका.”

पोरं हसली. लंबू हसली नाही, पण तिनं मान वळवली, आणि ते जास्त लागलं. बेडकीनं टोपी दिली. कुणीतरी मागून “ड्रांव” केलं. या वेळी तिनं उत्तर दिलं नाही.

“ज्याला वेळ कमी करता येत नाही त्यानं वेळ मोजावा,” सरांनी ठरलेलं वाक्य म्हटलं आणि एक जुनं घड्याळ तिच्या गळ्यात अडकवलं. “बस बाईंच्या शेजारी. पिल्लांची चाचणी आहे. दोघींनी वेगवेगळा वेळ घ्या. बघू तरी, ही निदान मोजते का नीट.”

एक प्लास्टिकची खुर्ची बाईंच्या खुर्चीला लागून आली. बेडकी बसली, वहीचं एक कोरं पान मांडीवर घेतलं. पेन्सिल नव्हती, बाईंनी जास्तीची दिली, खोडरबरही दिलं. भिंतीकडच्या लेनमधली पिल्लं रांगेत उभी राहिली, बारा जण, एकेक लांबी.

पहिलं पिल्लू आलं. दोघींनी आकडे वाचले. तेच. दुसरं, तेच. बेडकीला चांगला अंगठा होता. पाचव्यानंतर ती आपला आकडा आधी लिहायची आणि मग बाईंच्या पानावर डोकवायची. काहीतरी शोधत असल्यासारखी. बाईंना ते समजत होतं. मानेवरून घाम उतरत होता, पण हात ठीक होता. सहा, सात, आठ. आकडा आकड्याला चिकटून बसत होता. अकरावं पिल्लू भिंतीला टेकलं आणि बेडकीनं दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली.

“अकराच्या अकरा जुळले, बाई,” ती म्हणाली. “दशांशसुद्धा.”

“हं.”

तिनं पानं परत मांडीवर ठेवली. मग आवाज खाली करून म्हणाली, “एक सांगू? रागवू नका. माझ्या मनात आलं होतं, की शनिवारी तुमचंच काहीतरी चुकत असेल. बाबांनाही मी तसं बोलले. ते मला ओरडले.” तिनं नाक वर ओढलं. “सॉरी, बाई.”

बाईंनी घड्याळ शून्यावर आणलं. बाराव्याची शिट्टी झाली, पिल्लानं उडी मारली, आणि बाईंचा अंगठा बटणावर होता तो तिथंच राहिला. मग दचकून पडला. या वेळी मोजून नाही. पिल्लू हातपाय झाडत आलं, भिंतीला लागलं. बाईंनी घड्याळ बघितलं आणि आलेला आकडा लिहिला: तीस चार.

बेडकीच्या पानावर एकतीस दोन होतं. तिनं बाईंचा आकडा बघितला, आपला बघितला. बाईंनी तिच्याकडं मान वळवली. ओठ हलले, पण सर ओरडले, “काय झालं तिकडं? किती?”

बेडकीनं खोडरबर उचललं. आपला आकडा घासून स्वच्छ केला आणि त्या जागी तीस चार लिहिलं.

“तीस चार, सर,” ती म्हणाली. “माझाच अंगठा घसरला.”